दारावरची मुलं आवडतात, मग त्यांचं चर्च का नाही? मॉर्मन आणि त्यांच्या मिशनरींकडे जग कसं पाहतं?

२८ सप्टेंबर २०२५, रविवार. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ग्रँड ब्लँक इथल्या एका चर्चमध्ये सकाळची प्रार्थना सुरू होती. शेकडो माणसं आत होती, त्यात लहान मुलंही होती. एका माणसाने आपली गाडी थेट चर्चच्या इमारतीवर घातली, गोळीबार केला आणि इमारत पेटवून दिली. चार जणांचा जीव गेला, आठ जण जखमी झाले. हल्लेखोर पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला.

हे चर्च मॉर्मन पंथाचं होतं. या पंथाविषयीच्या द्वेषातूनच हा हल्ला झाला, असं अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआयने नंतर स्पष्ट केलं. हल्ल्याच्या काही दिवस आधी स्थानिक निवडणुकीतला एक उमेदवार प्रचारासाठी दारोदार फिरत असताना या माणसाच्या घरी गेला होता. तेव्हा मॉर्मन लोकांविषयी त्याने बराच वेळ विखारी बोलणं केलं, असं त्या उमेदवाराने माध्यमांना सांगितलं.

यानंतर जे घडलं, त्याने अनेकांना चकित केलं. हल्लेखोराच्या मागे राहिलेल्या बायको-मुलांसाठी ऑनलाइन मदतनिधी सुरू झाला. तो सुरू करणारा मॉर्मनच होता आणि पैसे देणाऱ्यांमध्येही मॉर्मन मोठ्या संख्येने होते. काही दिवसांतच ३ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली.

एकाच आठवड्यातल्या या दोन घटना. एकीकडे टोकाचा द्वेष, दुसरीकडे थक्क करणारा चांगुलपणा. मॉर्मन लोकांविषयी बाहेरच्यांचं मत गेली जवळपास दोनशे वर्षं या दोन टोकांमध्येच हेलकावे खातंय. असं का होतं? आणि पांढरा शर्ट-टाय घालून जगभर दारं वाजवत फिरणाऱ्या त्यांच्या तरुण मिशनरींचा याच्याशी काय संबंध आहे?

मॉर्मन म्हणजे नेमके कोण?

या पंथाचं अधिकृत नाव आहे ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जोसेफ स्मिथ या तरुणाने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. एका देवदूताने आपल्याला सोन्याच्या पत्र्यांवर लिहिलेला ग्रंथ दाखवला आणि देवाच्या कृपेने आपण त्याचं भाषांतर केलं, असा स्मिथ यांचा दावा होता. तोच ‘बुक ऑफ मॉर्मन’. ‘मॉर्मन’ हे नाव या ग्रंथावरून पडलं. पुनरुत्थानानंतर येशू अमेरिका खंडातल्या लोकांनाही भेटला होता, असं हा ग्रंथ सांगतो.

मॉर्मन स्वतःला ख्रिस्ती मानतात. पण बायबलच्या जोडीला आणखी धर्मग्रंथ मानणं आणि ईश्वराच्या स्वरूपाविषयीची वेगळी समजूत, यामुळे अनेक ख्रिस्ती पंथ त्यांना आपल्यात धरत नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असा निर्णय व्हॅटिकनने २००१ मध्ये दिला.

सुरुवातीची वर्षं रक्तरंजित होती. मॉर्मनांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर नष्ट करा, असा आदेश १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने काढला होता. तो औपचारिकरीत्या मागे घ्यायला १९७६ साल उजाडलं. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातल्या तुरुंगात असताना जमावाने जोसेफ स्मिथ यांची हत्या केली. मग ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली हजारो अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. आजचं युटा राज्य तिथूनच उभं राहिलं.

२०२४ च्या अखेरीस चर्चने जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार जगभरात त्याचे सुमारे १ कोटी ७५ लाख सदस्य आहेत. ‘आम्हाला मॉर्मन म्हणू नका, चर्चचं पूर्ण नाव वापरा’ असा आग्रह चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये धरला. पण बाहेरच्यांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. नेल्सन यांचं वयाच्या १०१ व्या वर्षी निधन झालं, ते मिशिगनमधल्या हल्ल्याच्या आदल्याच दिवशी.

मिशनरी कसे जगतात?

बहुतेक लोकांना आयुष्यात भेटलेला पहिला मॉर्मन म्हणजे त्यांच्या दारावर आलेला मिशनरी असतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे दृश्य अनोळखी नाही. दोन मुलं, नीट विंचरलेले केस, छातीवर काळी पट्टी, त्यावर चर्चचं नाव आणि ‘एल्डर’ अमुक असं लिहिलेलं. एल्डर म्हणजे वडीलधारा. प्रत्यक्षात समोर उभा असतो नुकतीच मिसरूड फुटलेला मुलगा. मुली असतील तर पट्टीवर ‘सिस्टर’ लिहिलेलं असतं. सोबतच्या जोडीदारालाही पहिल्या नावाने हाक मारायची नाही, एल्डर किंवा सिस्टर म्हणूनच बोलवायचं, असा शिरस्ता आहे.

मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. जाण्याचं किमान वय २०१२ मध्ये मुलांसाठी १९ वरून १८ वर, तर मुलींसाठी २१ वरून १९ वर आणलं गेलं. त्यानंतर मिशनवर जाणाऱ्या मुलींची संख्या झपाट्याने वाढली.

कुठे जायचं हे मुलांच्या हातात नसतं. अर्ज करायचा आणि वाट बघायची. उत्तरात शेजारच्या राज्याचं नाव येईल, नाहीतर ब्राझील, फिलिपिन्स किंवा घानाचंही. नवी भाषा शिकायची असेल तर निघण्याआधी साधारण सहा ते नऊ आठवड्यांचं प्रशिक्षण मिळतं. युटातलं प्रोव्हो इथलं केंद्र त्यासाठी ओळखलं जातं.

या कामाचा पगार मिळत नाही, उलट पैसे भरावे लागतात. अमेरिकेतल्या मिशनरीसाठी २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर ही रक्कम ठरली आहे. दोन वर्षांचे झाले १२ हजार डॉलर, म्हणजे दहा लाख रुपयांच्या आसपास. हा खर्च मुलाची बचत, आईवडील किंवा नातेवाईक उचलतात.

दिवस ठरलेला असतो. पहाटे उठणं, ग्रंथवाचन, मग लोकांना भेटणं, रात्री साडेदहाच्या सुमारास झोप. प्रेमप्रकरण, सिनेमे, भटकंती बंद. जोडीदाराला सोडून एकट्याने कुठेही जायचं नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, बाजारहाट आणि घरच्यांशी संपर्कासाठी मोकळा असतो. २०१९ पर्यंत तर घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच होती, नाताळ आणि मातृदिनाला. बाकीचे दिवस पत्रं आणि ईमेल. आता आठवड्यातून एकदा फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो.

दार उघडणाऱ्याला काय दिसतं?

मिशनरींना भेटलेल्या बाहेरच्या माणसांच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ती म्हणजे ही मुलं फार चांगली वागतात. नम्रपणे बोलतात, नाही म्हटलं तरी आभार मानून जातात. अंगणातली पानं गोळा करायला, सामान हलवायला, बर्फ काढायला मदत हवी का, असंही विचारतात.

दुसरी गोष्टही तितकीच येते. या गोडव्याची थोडी भीती वाटते. कारण दारात उभ्या असलेल्या मुलाला गप्पा मारायच्या आहेत, पण त्या गप्पांना एक दिशा आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. घरच्यांची चौकशी होते, मृत्यूनंतर कुटुंब एकत्र राहतं का हा प्रश्न निघतो, मग पुस्तक पुढे येतं, पुढच्या भेटीची वेळ मागितली जाते. मैत्री कुठे संपते आणि प्रचार कुठे सुरू होतो हे समोरच्याला कळत नाही. खरं तर अनेकदा त्या मुलालाही ते कळत नसावं. त्याच्या समजुतीनुसार तो आपल्याकडची सर्वांत मौल्यवान गोष्ट वाटत असतो. ती नाकारली गेली की त्याला जे वाईट वाटतं, ते खोटं नसतं.

भारतीय घरांत तर पहिली अडचण पाहुणचाराचीच. मॉर्मन लोक दारू आणि तंबाखूच नव्हे, तर चहा-कॉफीही वर्ज्य मानतात. आलेल्याला चहा विचारणं हा जिथे शिष्टाचार आहे, तिथे ‘नको, आम्ही घेत नाही’ म्हणणारा पाहुणा सुरुवातीलाच परका ठरतो.

लेखकांनी आणि कलावंतांनी त्यांना कसं रंगवलं?

मॉर्मनांना बघायला जाणं हा १९ व्या शतकात जणू प्रवासी लेखकांचा छंदच होता. त्यातले एक होते रिचर्ड बर्टन. मुंबई इलाख्याच्या लष्करात अधिकारी असलेल्या बर्टन यांनी मराठीची परीक्षा दिली होती आणि १८५१ मध्ये गोव्यावर पुस्तकही लिहिलं होतं. १८६० मध्ये ते सॉल्ट लेक सिटीत जाऊन राहिले, ब्रिगहॅम यंग यांना भेटले. पुढच्या वर्षी आलेल्या ‘द सिटी ऑफ द सेंट्स’ या पुस्तकात त्यांनी मॉर्मनांविषयी तुलनेने समतोल लिहिलं. बहुपत्नीत्व असलेले समाज त्यांनी आधीच पाहिले होते, त्यामुळे त्यांना धक्का बसला नाही. वर्षभरानंतर तिथे गेलेल्या मार्क ट्वेन यांनी मात्र ‘रफिंग इट’ मध्ये त्यांच्या ग्रंथाची आणि लग्नांची यथेच्छ टिंगल केली.

मराठी वाचकाला माहीत असलेलं उदाहरण म्हणजे शेरलॉक होम्स. होम्सची पहिलीच कादंबरी, १८८७ ची ‘अ स्टडी इन स्कार्लेट’. तिच्या उत्तरार्धात मॉर्मन हे मुलींना जबरदस्तीने लग्नाला लावणारे आणि विरोधकांचा काटा काढणारे खलनायक आहेत. लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी तोवर अमेरिकेत पाऊलही ठेवलं नव्हतं. १९२३ मध्ये ते सॉल्ट लेक सिटीत व्याख्यानाला गेले, तेव्हा ज्यांना खलनायक केलं होतं त्यांनीच त्यांचं उत्तम स्वागत केलं. नंतर डॉयल यांनी मॉर्मनांविषयी आपुलकीने लिहिलं. पण वाचकांच्या मनात राहिली ती कादंबरीच.

आजही हे थांबलेलं नाही. २०११ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘द बुक ऑफ मॉर्मन’ या संगीत नाटकात युगांडाला पाठवलेल्या दोन भाबड्या मिशनरींची खिल्ली आहे. त्याला नऊ टोनी पुरस्कार मिळाले. चर्चने ना मोर्चा काढला, ना बंदीची मागणी केली. उलट नाटकाच्या माहितीपुस्तिकेत स्वतःच्या ग्रंथाची जाहिरात दिली. २०२४ च्या ‘हेरेटिक’ या भयपटात ह्यू ग्रांटने रंगवलेल्या माणसाच्या घरात दोन तरुण मिशनरी मुली अडकतात. या वेळी भीती दार वाजवणाऱ्यांची नाही, दार उघडणाऱ्याची आहे. अनोळखी घरात शिरण्याचा धोका त्या मुलीही पत्करत असतात, याची जाणीव या सिनेमाने अनेकांना करून दिली.

माणसं आवडतात, मग संस्था का नाही?

प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या १५ टक्के प्रौढांनी मॉर्मनांविषयी चांगलं मत नोंदवलं, तर २५ टक्क्यांनी वाईट. उरलेल्यांचं ठाम मत नव्हतं. शेजारी म्हणून नावाजल्या जाणाऱ्या समाजासाठी हे आकडे विचित्र आहेत. त्यामागे काही ठोस कारणं आहेत.

पहिलं बहुपत्नीत्व. चर्चने १८५२ मध्ये ते जाहीरपणे मान्य केलं आणि सरकारच्या दबावानंतर १८९० मध्ये सोडलं. आज असं करणाऱ्याला चर्चमधून काढून टाकलं जातं. पण फुटून निघालेल्या काही गटांनी ही प्रथा चालू ठेवली. अशाच एका गटाचा नेता वॉरन जेफ्स याला अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचारांसाठी २०११ मध्ये जन्मठेप झाली. बाहेरच्यांच्या डोक्यात हे सगळं एकच होऊन जातं.

दुसरं वर्ण. कृष्णवर्णीय पुरुषांना या चर्चमध्ये पुरोहितपद १९७८ पर्यंत नाकारलं जात होतं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतरही दहा वर्षं.

तिसरं समलैंगिक व्यक्तींविषयीची भूमिका. समलैंगिक जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा नाकारणारं धोरण २०१५ मध्ये आलं आणि तीव्र नाराजीनंतर २०१९ मध्ये मागे घेतलं गेलं. पण समलैंगिक विवाह चर्चला आजही मान्य नाही.

चौथं पैसा. सदस्य आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देतात. या चर्चची गुंतवणूक सुमारे १०० अब्ज डॉलरची असल्याचा आरोप २०१९ मध्ये एका माजी कर्मचाऱ्याने केला. शेअर बाजारातली गुंतवणूक बनावट कंपन्यांच्या आड लपवल्याबद्दल २०२३ मध्ये चर्च आणि त्याच्या गुंतवणूक कंपनीला मिळून ५० लाख डॉलरचा दंड झाला.

पाचवं कारण भारतीयांना थेट भिडणारं आहे. मेलेल्या माणसाच्या वतीने जिवंत माणसाला बाप्तिस्मा देण्याची प्रथा या पंथात आहे. मृताच्या आत्म्याला तो स्वीकारायचा की नाही हे स्वातंत्र्य असतं, असं चर्च म्हणतं. पण हिटलरच्या छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं या यादीत सापडल्यावर संताप उसळला आणि १९९५ मध्ये ज्यू संघटनांशी चर्चला समझोता करावा लागला. २०१२ मध्ये महात्मा गांधींच्या नावाने असा विधी झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा अमेरिकेतल्या हिंदूंनीही आक्षेप घेतला.

या यादीतल्या एकाही निर्णयात दारावरच्या १९ वर्षांच्या मुलाचा हात नाही. तरीही उत्तर मात्र त्यालाच द्यावं लागतं, कारण चर्चचा चेहरा म्हणून लोकांसमोर उभा असतो तो तोच.

मिशनमधून नेमकं काय साधतं?

२०२४ मध्ये ७४ हजारांहून अधिक पूर्णवेळ मिशनरी काम करत होते आणि वर्षभरात ३ लाखांहून अधिक लोकांनी नव्याने बाप्तिस्मा घेतला. म्हणजे एका मिशनरीमागे वर्षाला सरासरी चार माणसं. तेही सगळीकडे सारखं नाही. आफ्रिकेत जास्त, युरोपात फारच कमी. पश्चिम युरोपात गेलेल्या मुलाची दोन वर्षं बंद होणारी दारं बघण्यातच जाऊ शकतात.

बाहेरून हे वाया गेल्यासारखं दिसतं. पण चर्चला मिळणारा एक सदस्य या हिशेबात धरलेला नसतो. तो म्हणजे स्वतः मिशनरी. ज्या वयात बाकीची मुलं घरच्या श्रद्धांवर शंका घ्यायला लागतात, नेमक्या त्याच वयात हा मुलगा त्या श्रद्धा रोज दहा जणांना समजावून सांगतो. रोज नकार पचवतो. परक्या देशाची भाषा शिकतो. परत येतो तेव्हा तो धीट आणि शिस्तीचा झालेला असतो आणि बहुधा आयुष्यभरासाठी चर्चशी बांधला गेलेला असतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी लढलेले मिट रॉम्नी यांनी १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये अशीच मिशनरी वर्षं काढली होती. वाईन आणि कॉफीच्या त्या देशात दोन्ही सोडायला सांगणं किती अवघड गेलं असेल, याची कल्पना करता येईल.

याची किंमतही असते. ठरलेल्या मुदतीआधी, आजारपणामुळे किंवा मन न लागल्याने परतणाऱ्या मुलांकडे त्यांच्याच समाजात काहीतरी कमी पडल्यासारखं पाहिलं जातं. श्रद्धा उडाली तर प्रश्न फक्त चर्च सोडण्याचा राहत नाही. आईवडील, मित्र, जोडीदार, कधी नोकरीसुद्धा त्याच वर्तुळात असते. म्हणून चर्च सोडलेल्यांचं बोलणं अनेकदा बाहेरच्यांपेक्षा कडवट असतं, तर टिकलेल्यांना तीच दोन वर्षं आयुष्यातली सर्वांत चांगली वाटतात. दोन्ही अनुभव खरे असू शकतात.

भारतात काय परिस्थिती आहे?

मॉर्मन मिशनरी भारतात पहिल्यांदा १८५० च्या दशकात आले. कोलकात्याबरोबरच मुंबई आणि पुण्यातही त्यांनी काम केलं. स्कॉटलंडहून आलेले ह्यू फिंडले हे त्यांपैकी एक. त्यांनी पुण्यात छोटी शाखाही सुरू केली होती. पण छावण्यांमधले इंग्रज अधिकारी आणि इतर पंथांचे पाद्री त्यांच्या विरोधात होते. काही वर्षांतच हे मिशनरी परत गेले आणि मागे फारसं काही उरलं नाही.

आज भारतात या चर्चचे सुमारे १५ हजार सदस्य आहेत, मुख्यतः दक्षिणेत. बंगळुरूमधल्या मंदिराची घोषणा २०१८ मध्ये झाली आणि २०२० मध्ये त्याची पायाभरणी झाली.

अमेरिकेसारखं दारोदार फिरणं मात्र इथे सोपं नाही. धर्मप्रसारासाठी येणाऱ्या परदेशी व्यक्तीला वेगळा व्हिसा लागतो. राज्यघटनेचं कलम २५ धर्माचा प्रचार करण्याचा हक्क देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं. अनेक राज्यांत धर्मांतरविषयक कायदेही आहेत. भारत यात एकटा नाही. २०१६ मध्ये रशियाने धर्मप्रचारावर कडक बंधनं घातली, तेव्हा तिथल्या मॉर्मन मिशनरींना ‘स्वयंसेवक’ म्हणवून घ्यावं लागलं.

याची दुसरी बाजू युटामध्ये दिसते. तिथल्या स्पॅनिश फोर्क गावात एक राधाकृष्ण मंदिर आहे. तिथे दरवर्षी होणाऱ्या होळीच्या उत्सवात रंग उधळायला हजारो तरुण जमतात आणि त्यांत मोठा भरणा असतो तो जवळच्या प्रोव्होतल्या मॉर्मन विद्यार्थ्यांचा. दारू नाही, नशा नाही, त्यामुळे हा सण त्यांना चांगलाच मानवतो.

मग बाहेरच्याने काय समजायचं?

मिशिगनमधल्या हल्लेखोराने एका संस्थेविषयीचा राग प्रार्थनेला बसलेल्या माणसांवर काढला. डॉयल यांनी न पाहिलेल्या समाजाला खलनायक केलं, त्यात कुणाचा जीव गेला नाही, पण चूक त्याच जातीची होती. उलट बाजूनेही चूक होते. दारावरचा मुलगा गोड आहे म्हणून त्याच्या चर्चला पैशाचे, वर्णभेदाचे किंवा मृतांच्या बाप्तिस्म्याचे प्रश्न विचारायचेच नाहीत, हेही बरोबर नाही.

ते प्रश्न सॉल्ट लेक सिटीत बसलेल्या नेतृत्वाला विचारायचे असतात. दारावरच्या मुलाला ‘नको, धन्यवाद’ म्हणता येतं आणि ऊन असेल तर पाण्याचा ग्लासही देता येतो. पाणी त्याला चालतं.